जे गाव कधी नव्हतं, त्याचे सूर

१९३३ सालचा ‘किंग काँग’ पुन्हा एकदा बघा, पण या वेळी कान जरा जास्त उघडे ठेवून. सुरुवातीची नामावली संपली की पार्श्वसंगीत थांबतं आणि बराच वेळ परत फिरकतच नाही. मंदीने पोळलेलं न्यूयॉर्क, भुकेपोटी सफरचंदाला हात घालणारी नायिका ॲन, बोटीवरचे वादविवाद, दिग्दर्शकाचे मोठमोठे बेत, हे सगळं कोरडं, नुसत्या संवादांवर चालतं. मग बोट दाट धुक्यात शिरते. बेट जवळ आलंय हे खलाशांना कळतं, पण दिसत काहीच नाही. तेवढ्यात हार्पच्या तारा संथपणे तेच तेच स्वर छेडू लागतात आणि त्यांच्या तळाशी ऑर्केस्ट्राचा खर्ज पसरतो. तिथून पुढे आपण न्यूयॉर्कच्या जगात नसतो.

हे संगीत मॅक्स स्टायनर यांचं. बोलपट तेव्हा नुकते कुठे चालायला लागले होते, आणि बोलपटात संवादांखाली संगीत असावं की नसावं हेसुद्धा ठरलेलं नव्हतं. पडद्यावर वादक दिसत नाहीत, मग हा आवाज येतो कुठून, असं प्रेक्षक विचारतील अशी निर्मात्यांना धास्ती वाटायची. व्हिएन्नात वाढलेल्या स्टायनर यांनी या धास्तीला फार देखणं उत्तर दिलं. शहर खरं आहे, त्याला संगीत लागत नाही. बेट अशक्य आहे, ते संगीताशिवाय उभंच राहणार नाही. धुक्यातला तो हार्प म्हणजे अद्भुताचा उंबरठा आहे, आणि त्यानंतरच्या जवळजवळ प्रत्येक फँटसी चित्रपटाने तो ओलांडला आहे.

फँटसी चित्रपट आणि चित्रपटांचं पार्श्वसंगीत ही माझी दोन्ही वेडं जुनी आहेत. ती वेगवेगळी आहेत असं मला बरीच वर्षं वाटायचं. आता वाटतं, हे एकच वेड आहे. कारण साधं आहे. गिरगावातल्या चाळीची गोष्ट सांगणाऱ्या दिग्दर्शकाला अर्धं काम आयतं मिळतं. नळावरची भांडी, कुकरची शिट्टी, जिन्यावरची पावलं आपल्या कानात आधीपासून असतात, त्याने फक्त आठवण करून द्यायची. पण यक्षांच्या अरण्याचा आवाज कसा असतो? बुटक्यांनी डोंगराच्या पोटात कोरलेल्या शहराचा? तो कोणाच्याच कानात नाही. कारागीर चिलखतं घडवतील, रंगारी आकाश रंगवतील, संगणक सैन्य उभं करेल, तरी डोळा कुठेतरी संशयी राहतो. कान मात्र फार लवकर विश्वास ठेवतो. म्हणून जे गाव पृथ्वीवर कधी नव्हतं, त्या गावाची ओढ लावायचं काम शेवटी संगीतकाराकडे येतं.

हे काम सगळ्यात मोठ्या पटावर कोणी केलं असेल तर हॉवर्ड शोर यांनी, ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या तीन चित्रपटांत. २००१, २००२ आणि २००३. दिग्दर्शक पीटर जॅक्सन यांनी शोर यांना निवडलं तेव्हा अनेकांना नवल वाटलं असणार. टोरांटोत जन्मलेला हा संगीतकार तोवर ओळखला जायचा तो डेव्हिड क्रोनेनबर्ग यांच्या अंगावर शहारे आणणाऱ्या चित्रपटांसाठी, ‘द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्ज’ आणि ‘सेव्हन’साठी. माणसाच्या मनातल्या अंधाऱ्या खोल्यांचा संगीतकार. त्याला हिरव्या टेकड्या, बेरकी जादूगार आणि अनवाणी हॉबिट कसे काय जमणार? मला वाटतं, जमले ते त्या अंधारामुळेच. ज्याला भीती खरी वाटते त्यालाच घराची ऊब खरी वाटते.

शोर यांनी या तीन चित्रपटांत ऐंशीहून अधिक स्वतंत्र सुरावटी विणल्या आहेत. प्रत्येक संस्कृतीला आपली धून, प्रत्येक महत्त्वाच्या वस्तूला, नात्याला, कधी नुसत्या एखाद्या धोक्याला आपली खूण. ही पद्धत रिचर्ड वाग्नर यांनी एकोणिसाव्या शतकात शिगेला नेली. त्यांच्या ‘रिंग’ या चार संगीतनाट्यांच्या मालिकेत, जी १८७६ मध्ये बायरॉइट इथे पहिल्यांदा सलग सादर झाली, अशा खुणेच्या सुरावटींचं, म्हणजे लाइटमोटिफांचं, प्रचंड जाळं आहे. चार रात्री आणि साधारण पंधरा तासांचं संगीत. आपल्याकडच्या कानाला ही कल्पना परकी नाही. चार स्वरांची पकड कानावर पडली की राग ओळखीचा होतो, गवयाने नाव सांगावं लागत नाही. फरक इतकाच की इथे त्या पकडीतून रागाऐवजी एखादं गाव ओळखू येतं.

शायर या हॉबिटांच्या गावाचंच घ्या. त्याची धून टिनच्या लहानशा बासरीवर, व्हिसलवर आणि फिडलवर येते. चित्रपट प्रत्यक्ष पाहिला नसेल तरी ती कानावरून गेली असण्याची शक्यता आहे. तिची सुरुवात ऐका. स्वर षड्ज, रिषभ, गंधार, पंचम एवढ्याच घरांत फिरून परत षड्जावर येतात. आपल्याकडचा कोणीही ऐकणारा या जागी भूपाच्या अंगणात उभा असतो. पुढे निषाद आणि मध्यम येतात आणि भूप मागे राहतो, पण तोवर धून आपली झालेली असते. हा योगायोग गूढ नाही. पाच स्वरांच्या, सहज गळ्यात बसणाऱ्या चाली जगभरच्या शेतकऱ्यांनी, मेंढपाळांनी गायल्या आहेत. शोर यांना असंच गाव हवं होतं, जिथले लोक शेती करतात, वाढदिवस थाटात साजरे करतात आणि बाहेरच्या जगाच्या भानगडीत पडत नाहीत. त्यांनी कुठल्या एका देशाचं लोकसंगीत उचललं असं नाही. आयरिश रंग आहे, पण त्याखालची हाडं सगळ्यांची आहेत.

आणि मग हीच धून प्रवासाला निघते. गाव सोडताना ती क्लॅरिनेटच्या अंगाने मऊ होते. संकटात तिचे दोन-तीन स्वरच ऐकू येतात, जणू बाकीचे आठवेनासे झालेत. तिसऱ्या चित्रपटात ती जेम्स गॅल्वे यांच्या बासरीवर येते, आणि आता तिच्यात काहीतरी कायमचं बदललेलं असतं. स्वर तेच आहेत. ऐकणारा थकलाय, पुष्कळ पाहून आलाय. कथेचा नायक, हॉबिट फ्रोडो घरी परततो तेव्हा त्याला घर परकं का वाटतं हे संवाद सांगू बघतात, पण गॅल्वे यांची बासरी ते आधीच सांगून मोकळी झालेली असते.

आता दुसऱ्या टोकाला जाऊ, आयझेनगार्डला. सारुमान हा जादूगार तिथे झाडं तोडतो, भट्ट्या पेटवतो, जमिनीच्या पोटात सैन्य तयार करतो. त्याचं संगीत पाच मात्रांचं आहे. धातूच्या पट्ट्या, ऐरणी, मोठे ढोल, आणि पियानोच्या तारांवर चक्क साखळ्या आपटून काढलेला आवाज. पाश्चात्त्य प्रेक्षक दोन, तीन, चार मात्रांना सरावलेला असतो. पाचव्या मात्रेशी त्याचा पाय अडखळतो, आणि नेमका तोच परिणाम शोर यांना हवा आहे. हे यंत्र चालतंय, पण माणसाच्या चालीने नाही. आपल्या झपतालाचं अर्धं आवर्तन पाचच मात्रांचं असतं, दोन अधिक तीन, म्हणून मराठी श्रोत्याला ही लय तितकी तुटकी वाटणार नाही. मला ती कधीच लंगडी वाटली नाही. मला ती न थांबणारी वाटली, आणि माझ्या मते ते जास्त भीतीदायक आहे. ऐरणींचं मूळही वाग्नरपाशी जातं. ‘राइनगोल्ड’मध्ये देव पाताळातल्या लोहारांकडे उतरतात तेव्हा अठरा ऐरणी घणघणतात. भट्टी आणि हाव यांचं नातं संगीतात तिथेच पक्कं झालं.

या दोन टोकांमध्ये एक लहानसा प्रसंग आहे, आणि या सगळ्या संगीतातला माझा सर्वात आवडता धागा तिथून सुरू होतो. सारुमानने गँडाल्फ या दुसऱ्या जादूगाराला उंच मनोऱ्याच्या माथ्यावर कैद केलंय. खाली भट्ट्या, वर पाऊस. पाच मात्रांचा घणाघात चालू आहे. कॅमेरा भट्ट्यांवरून वर वर चढतो आणि त्याच्यासोबत एक पतंग फडफडत येतो, साधा, मातकट रंगाचा. त्या क्षणी घणांचा आवाज विरतो आणि एका लहान मुलाचा एकटा आवाज उंच स्वरात गातो. गँडाल्फ पतंग मुठीत धरतो, त्याच्याशी काही पुटपुटतो, सोडून देतो. एवढंच. पहिल्यांदा बघताना या सुरावटीचं महत्त्व कोणाच्याही लक्षात येत नाही.

पुढच्या वर्षीच्या ‘द टू टॉवर्स’मध्ये झाडांचे राखणदार एन्ट तोडलेलं जंगल पाहतात आणि आयझेनगार्डवर चालून जातात. तेव्हा हीच सुरावट परत येते, या वेळी पूर्ण वृंदगान आणि ऑर्केस्ट्रासह. पतंगाच्या पंखांवर आलेला तो सूर आता धरण फोडतो, भट्ट्या बुडवतो. तिसऱ्या चित्रपटात रोहान राज्याचे घोडेस्वार पेलेनॉरच्या मैदानावर झेपावतात तेव्हा पुन्हा तीच. जगात जे जिवंत आहे, उगवणारं आहे, ते उलटून उभं राहतं तेव्हा ही धून येते. सलग नऊ-दहा तासांच्या कथेत शोर यांनी ती फार जपून, मोजक्या वेळा वापरली आहे. अंगावर काटा का आला हे प्रेक्षकाला सांगता येत नाही, पण त्याच्या कानाला पतंग आठवलेला असतो.

घोडेस्वारांचा विषय निघालाच आहे तर रोहानच्या फिडलबद्दल सांगायलाच हवं. ती साधी व्हायोलिन नाही. नॉर्वेच्या हार्डांगर भागातलं ते लोकवाद्य आहे, हार्डांगर फिडल. वरच्या चार तारांवर गज फिरतो आणि त्यांच्या खाली चार-पाच तारा आणखी असतात, ज्यांना कोणी हात लावत नाही. वरचा स्वर लागला की त्या आपोआप झंकारतात. सारंगी, सतार किंवा सरोद जवळून पाहिलेल्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही, त्या तरफाच आहेत. युरोपच्या उत्तर टोकाला, डोंगरदऱ्यांत, तरफेच्या तारांचं वाद्य लग्नात आणि नाचात वाजत आलं आहे. चित्रपटासाठी ते डर्मॉट क्रेहान यांनी वाजवलं. ‘द टू टॉवर्स’मध्ये रोहानच्या राजधानीत, एदोरासच्या टेकडीवर राजाची भाची एओविन एकटी उभी आहे, वारा झोंबतोय, ध्वज फाटून उडून चाललाय, आणि ही फिडल वाजते. स्वराच्या मागे सतत एक बारीक थरथर राहते, कारण खालच्या तारा अजून बोलत असतात. ओसरत चाललेल्या राजवटीचा आवाज याहून नेमका कसा काढता आला असता, मला सुचत नाही.

एकदा वाद्यांकडे लक्ष गेलं की नातेवाईक भेटतच जातात. मॉर्डॉर या दुष्ट प्रदेशाची धून ऱ्हायता या उत्तर आफ्रिकेतल्या वाद्यावर वाजते. ते सनईच्याच कुळातलं, दोन पात्यांचं, उघड्या मैदानात दूरवर पोचणारं. आपल्या कानाला सनई म्हणजे मंगलकार्य. तोच नाकातून आल्यासारखा कडक सूर इथे काळजाचा थरकाप उडवतो, यात वाद्याचा दोष नाही, स्वरांची जुळणी आणि भोवतालचा पितळी गजर ते करतो. गोलुमचा चोरटेपणा चिंबालोमवर येतो, म्हणजे हातोड्यांनी वाजवायच्या हंगेरियन वाद्यावर, संतूरच्या युरोपीय भावंडावर. लोथलोरिएन या एल्फांच्या अरण्याची धून तर अरबी हिजाझ मकामावर उभी आहे. कोमल रिषभावरून शुद्ध गंधारावर जाणारी ती मोठी उडी आपल्या भैरवातही आहे. म्हणून त्या अरण्यात शिरताना आपल्याला पहाटेची, काहीशी गंभीर, देवळाच्या गाभाऱ्यासारखी जाणीव होते. पाश्चात्त्य प्रेक्षकाला ते फक्त दूरदेशीचं वाटत असेल. एकच सुरावट दोन कानांत दोन वेगळी अरण्यं उगवते, आणि दोन्ही खरी.

मानवी आवाजांबद्दल जितकं सांगावं तितकं थोडं. मोरिया, म्हणजे बुटक्यांच्या डोंगराखालच्या ओसाड राजधानीसाठी शोर यांना खोल, जड पुरुषी आवाज हवे होते. न्यूझीलंडमध्ये माओरी आणि सामोअन गायकांचा ताफा उभा करून ते ध्वनिमुद्रित झाले. षड्ज-पंचमाच्या उघड्या जोड्या, त्यात हुंकार, फुत्कार, छातीतून आलेले आघात. बाकीचं बरंच काम लंडन फिलहार्मोनिकने केलं, पण मोरियाचा दगड त्या पॅसिफिक बेटांवरच्या गळ्यांतून आला आहे.

आणि हे गायक गातात काय? मूळ कादंबरीचे लेखक टॉल्किन हे ऑक्सफर्डचे भाषाशास्त्रज्ञ. त्यांनी आधी भाषा रचल्या आणि मग त्या बोलणाऱ्यांसाठी जग रचलं, असं म्हणायला हरकत नाही. चित्रपटाच्या लेखिका फिलिपा बॉयन्स यांनी वृंदगानासाठी मजकूर लिहिले आणि डेव्हिड सॅलो या भाषातज्ज्ञाने ते टॉल्किन यांच्या भाषांत नेले. एल्फांसाठी क्वेन्या आणि सिंदारिन, बुटक्यांसाठी खुझदुल, रोहानसाठी जुनी इंग्रजी. प्रेक्षकाला त्यातला एक शब्दही कळत नाही. हे सगळे कष्ट मग कशासाठी, असं कोणी विचारेल. उत्तर ऐकूनच पटतं. अर्थ असलेलं वाक्य गाताना गायक श्वास कुठे घेतो, जोर कुठे देतो, हे निरर्थक अक्षरं गाताना घडत नाही. आपण संस्कृत मंत्र किंवा न समजणाऱ्या बोलीतली ओवी ऐकतो तेव्हाही हा फरक आपल्याला कळतोच.

अंगठीच्या संगीतात शोर यांची बुद्धी सगळ्यात तीक्ष्ण झाली आहे. अंगठी ही या कथेतली मूर्तिमंत दुष्टता. सोपा मार्ग होता ढोल, पितळी वाद्यं, कर्कश स्वर. तसंही संगीत तिला आहे. पण ती जेव्हा माणसाला भुलवते, योद्धा बोरोमिरच्या डोळ्यांत हाव उतरते, तेव्हा येतो लहान मुलांच्या वृंदगानाचा कोवळा, निष्पाप सूर. मोहाचा आवाज राक्षसासारखा नसतो, तो आपल्या मनातल्या सगळ्यात चांगल्या इच्छेसारखा असतो. बोरोमिरला आपलं शहर वाचवायचं होतं. हे पटकथेत आहेच, पण संगीताने ते जितक्या धिटाईने मांडलं तितकं शब्दांनी नाही.

त्याच बोरोमिरकडून शोर यांनी आणखी एक गोष्ट पेरून घेतली आहे. पहिल्या चित्रपटात एल्फांचा नेता एल्रॉन्ड याच्या सभेत तो आपल्या गोंडोर राज्याबद्दल बोलतो, आणि त्याच्या बोलण्याखाली एक उमदी पण दबलेली धून हळूच येऊन जाते. इतकी हळू की संवादांत विरून जाते. दोन वर्षांनी, तिसऱ्या चित्रपटात, गोंडोरच्या राजधानीच्या, मिनास तिरिथच्या डोंगरावर हॉबिट पिपिन चढून जातो आणि मदतीच्या हाकेचा पहिला जाळ पेटवतो. मग दुसरं शिखर, तिसरं, बर्फाच्छादित कड्यांवरून कड्यांवर ठिणग्या उडत जातात. या सगळ्या दृश्यात सांगण्यासारखी घटना एकच आहे, निरोप पोचतो. पण गोंडोरची तीच धून आता पूर्ण ऑर्केस्ट्रात, पितळी वाद्यांच्या बळावर उभी राहते आणि शिखरांबरोबर चढत जाते. मेलेल्या बोरोमिरने उच्चारलेलं शहर आता खरोखर हाक मारतंय. मोठ्या पडद्यावर हे पाहिलेला माणूस ते विसरत नाही. मी तरी विसरलेलो नाही.

या कथेत एक धागा भारतीय वंशाच्या गळ्याचाही आहे. लंडनमध्ये जन्मलेल्या, दक्षिण भारतीय कुटुंबातल्या शीला चंद्रा यांनी १९८०च्या दशकात ‘मॉन्सून’ या गटातून भारतीय स्वर आणि ब्रिटिश पॉप एकत्र आणले होते. पुढे त्यांनी नुसता आवाज आणि तानपुऱ्यासारखा आधारस्वर यांवर विलक्षण काम केलं. ‘द टू टॉवर्स’मध्ये योद्धा अरागॉर्न जखमी होऊन नदीत वाहत जातो तिथे जो स्त्रीस्वर तरंगतो तो त्यांचा. पुढे आजारपणामुळे त्यांना गाणं सोडावं लागलं. पडद्यावर तो आवाज काही क्षणच आहे, पण त्यातला मींडीचा गोलावा आपल्याला लगेच ओळखू येतो.

संगीतकाराला गप्प राहणंही जमावं लागतं. तिसऱ्या चित्रपटात गोंडोरचा कारभारी डेनेथर जेवायला बसलाय. त्याने आपल्या मुलाला, फारामिरला, खात्रीच्या मरणावर पाठवलंय. तो पिपिनला गायला सांगतो. पिपिन गातो, जवळजवळ साथीशिवाय. इकडे डेनेथर टोमॅटो फोडून खातोय, लाल रस हनुवटीवर ओघळतोय, तिकडे घोडेस्वार बाणांच्या दिशेने दौडताहेत. ही चाल पिपिनची भूमिका करणाऱ्या बिली बॉइड यांनी स्वतः बांधली. शेकडो वादकांची फौज हाताशी असताना त्या जागी शोर यांनी एका माणसाचा जरासा कापरा गळा राहू दिला. मी त्यांना थोर मानतो ते ऐंशी सुरावटींइतकंच या एका माघारीसाठी.

मौनाचे खरे उस्ताद मात्र जपानमध्ये आहेत. हायाओ मियाझाकी यांच्या चित्रपटांना १९८४च्या ‘नौसिका’पासून जो हिसाईशी यांनी संगीत दिलं आहे. ‘स्पिरिटेड अवे’मध्ये चिहिरो आणि तिचा मुका, मुखवट्याचा सोबती पाण्यावरून धावणाऱ्या आगगाडीत बसतात. बाहेर क्षितिजापर्यंत पाणी, मध्येच एखादं बुडालेलं घर, फलाटावर एक सावली. काही म्हणजे काही घडत नाही. पियानो थोडे स्वर टाकतो आणि थांबतो. त्या थांबण्यात प्रवास होतो. मियाझाकी यांच्या ‘कॅसल इन द स्काय’ या १९८६च्या चित्रपटाच्या अमेरिकन आवृत्तीसाठी हिसाईशी यांच्याकडूनच जास्तीचं संगीत लिहून घेतलं गेलं, कारण तिकडच्या प्रेक्षकाला इतका वेळ शांतता सोसत नाही असं मानलं गेलं. दोन्ही आवृत्त्या सुंदर आहेत, पण मला विचाराल तर मूळचीच बघा. तरंगत्या बेटावर पहिल्यांदा पाऊल ठेवताना वारा ऐकू यायला हवा.

आपल्या मातीतला अद्भुताचा अलीकडचा मोठा प्रयत्न म्हणजे ‘तुंबाड’. २०१८ साली आलेला राही अनिल बर्वे यांचा हा चित्रपट कोकणातल्या पावसात, जुन्या वाड्यात, गर्भगृहातल्या हस्तर या देवाच्या हावरेपणात घडतो. त्याचं पार्श्वसंगीत डेन्मार्कच्या येस्पर किड यांचं आहे, आणि शीर्षकगीत अजय-अतुल यांचं. कोकणातल्या वाड्याला डेन्मार्कचा संगीतकार कशाला, असा प्रश्न कोणाला पडेल. मला ती निवड योग्य वाटते. परक्या कानाने तुंबाडला ओळखीचं गाव होऊ दिलं नाही. तिथला पाऊस आपला असूनही आपल्याला तो अनोळखी वाटत राहतो, आणि त्या कथेला नेमकं तेच हवं होतं. शायरच्या धुनेने परकं गाव आपलं केलं. तुंबाडच्या संगीताने आपलं गाव परकं केलं. अद्भुताला दोन्ही वाटा माहीत आहेत.

यादी इथे संपत नाही. जॉन विल्यम्स यांनी ‘हॅरी पॉटर’साठी चेलेस्टा निवडली, पोलादी पट्ट्यांवर इवले हातोडे पडतात ते पियानोसारखं वाद्य. बर्नार्ड हर्मन यांनी १९५८च्या ‘सेव्हन्थ व्हॉयेज ऑफ सिंदबाद’मध्ये सांगाड्याशी तलवारबाजीला झायलोफोनची लाकडी खडखड दिली. या प्रत्येकावर स्वतंत्र लिहायला हवं. पण सगळीकडे कारागिरी एकच आहे. जे नाही त्याला आधी आवाज द्यायचा, आणि तो आवाज इतक्या प्रामाणिकपणे सांभाळायचा की दुसऱ्यांदा ऐकताना तो आठवण होऊन यावा.

शेवटी पुन्हा शोर यांच्याकडे. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या पहिल्या चित्रपटासाठी त्यांना २००२ साली ऑस्कर मिळालं. २००४ साली तिसऱ्यासाठी संगीत आणि गीत अशी दोन. गीत होतं ‘इनटू द वेस्ट’, फ्रॅन वॉल्श आणि ॲनी लेनॉक्स यांच्यासोबत रचलेलं. त्यामागे कॅमेरॉन डंकन या न्यूझीलंडच्या तरुण चित्रपटकाराची प्रेरणा होती. तो २००३ साली कर्करोगाने गेला. हे गीत कथेत कुठेच येत नाही. ते येतं कथा संपल्यावर, श्रेयनामावलीवर, चित्रकार ॲलन ली यांनी पेन्सिलीने काढलेल्या कलाकारांच्या चित्रांसोबत.

आपल्या चित्रपटगृहांत नेमक्या याच वेळी दिवे लागतात आणि लोक उठून पार्किंगकडे धावतात. माझी वाचकांना मनापासून विनंती आहे, पुढच्या वेळी उठू नका. संगीतकाराने तीन तासांत विखरून ठेवलेल्या सुरावटी शेवटच्या त्या नामावलीवर तो अनेकदा एकत्र आणतो, संवाद नाहीत, तलवारी नाहीत, नुसतं संगीत. मुलांना घेऊन गेला असाल तर त्यांनाही बसवा आणि विचारा, ही धून आधी कुठे आली होती. बहुतेक वेळा त्यांना बरोबर सांगता येईल.